तांब्यावरची अन्नपूर्णा

बाबुलाल गिऱ्हेपुंजेच्या हातात कोणतीही वस्तू द्या, तो ती आधी पालथी करून पाहणार. लग्नाच्या पंगतीत बसला की वाढपी येण्याआधी ताट उलटून मागे कोणाचं नाव घातलंय ते वाचणार. बायकोनं हौसेनं आणलेली साडी दाखवली तर पदर राहिला बाजूला, हा आतले सुटे धागे पाहत बसणार. मुलीच्या सासरी पहिल्यांदा गेला तेव्हा तर त्यानं देव्हाऱ्यातला बाळकृष्ण उचलला आणि चष्मा कपाळावर चढवून त्याच्या तळाशी काय आहे ते पाहू लागला. मैनाबाईनं तेव्हा जे डोळे वटारले, त्याची आठवण निघाली की तो अजून कानाची पाळी चोळतो.

ही खोड जन्माची की नोकरीची हे सांगणं अवघड आहे, पण नोकरीनं ती पोसली एवढं खरं. भिलाईत रूळ बनतात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. त्या रुळांच्या अंगावर जी उठावदार अक्षरं असतात, कारखान्याचं नाव, साल वगैरे, ती तिथं कशी येतात हा प्रश्न मात्र जन्मभर रेल्वेनं फिरणाऱ्यालाही पडत नाही. ती येतात रोलवरून. लाल तापलेलं लोखंड दोन अजस्र रोलांच्या मधून दाबलं जातं, आणि रोलवर जे अक्षर खोल कोरलेलं असतं ते लोखंडावर उठून येतं. आता रोलवर सरळ कोरलं तर रुळावर उलटं उमटणार. म्हणून रोलवर उलटं कोरायचं, म्हणजे रुळावर सरळ येतं. हे उलटं कोरण्याचं काम बाबुलालनं रोल शॉपमध्ये उभ्या नोकरीत केलं.

लाखनीकडच्या धानाच्या बांधावरून उठून आलेला हा माणूस छन्नी-हातोडी घेऊन रोलपुढे बसला तो निवृत्तीलाच उठला. शेवटी शेवटी मशीन आली, अक्षरं आपोआप कोरली जाऊ लागली, आणि त्याच्या हाताला फारसं काम उरलं नाही. पण डोळ्याला लागलेली सवय कुठे जाते? जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. उलटं अक्षर त्याला सरळच दिसे, आणि सरळ छापलेला पेपर वाचताना तो पहिल्या ओळीला जरा अडखळे. तो राहायचा त्या कॅम्प-1 वस्तीतल्या बायका त्याच्याकडे भांड्यांवर नावं घालायला येत. एकदा शेजारच्या नलूच्या परातीवर त्यानं तिचं आडनाव इतकं सुबक आणि इतकं उलटं घातलं की नलू ती परात आरशापुढे धरून सगळ्या गल्लीला दाखवत फिरली होती.

आता मैनाबाईविषयी. ही बाई वाढण्यासाठी प्रसिद्ध होती. स्वयंपाक कॅम्पातल्या पुष्कळ बायका चांगला करत, पण मैनाबाईसारखं वाढणं कोणाला जमत नसे. भाताची मूद, तिच्या डोक्यावर वरण, बाजूला बेसनाच्या पातोडीची भाजी, आणि समोरचा नको म्हणायच्या आत आणखी एक घास त्याच्या ताटात. सेकंड शिफ्टहून येणारे बाबुलालचे दोस्त मुद्दाम याच गल्लीतून सायकली काढत. स्वयंपाकघराच्या भिंतीवर तिच्या माहेरून आलेली अन्नपूर्णेची तसबीर होती: देवी बसलेली, उजव्या हातात पळी, समोर महादेव भिक्षेचं पात्र घेऊन उभा. पहिला घास त्या तसबिरीपुढे ठेवल्याशिवाय घरात कोणी जेवत नसे.

आणि घरातला कडक कायदा होता तो हाताचा. वाढायचं ते उजव्या हातानं. डाव्या हातानं वाढलेलं देवाला पोचत नाही, पितरांना पोचत नाही, आणि माणसाच्या अंगी लागत नाही, असं तिच्या आईनं सांगितलं होतं आणि तिनं ते गाठीला बांधलं होतं. एकुलती एक मुलगी मोना नेमकी डावरी निघाली. तिनं पोळीचा डबा डाव्या हातानं पुढे केला की मैनाबाईची पळी तिच्या बोटांवर बसायचीच. मोना चित्रं आजही डाव्या हातानं काढते, दुर्गच्या एका शाळेत पोरांना चित्रकला शिकवते. पण आईच्या घरी आली की तिचा डावा हात आपोआप मांडीखाली जातो.

मग मागच्या हिवाळ्यात मैनाबाईला लकव्याचा झटका आला आणि उजवा हात गेला.

पाय सुधारला, जीभ सुधारली, काठी टेकत ती अंगणापर्यंत येऊ लागली. हात मात्र पदराआड लोंबत राहिला. डॉक्टर म्हणाले, डाव्या हाताची सवय करा. मैनाबाईनं डाव्या हातानं काठी धरली, केससुद्धा कसेबसे विंचरले, पण पळीला तो हात लावला नाही. बाबुलाल कच्चापक्का स्वयंपाक करी, चमच्यानं तिला भरवी, आणि ती दोन घासांनंतर तोंड फिरवून घेई.

"जेव ना वो," तो म्हणे.

"जो हात वाढत नाई त्यानं खावाचं कावून?" ती म्हणे, आणि खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडून राही.

तिचं अन्न कमी होत चाललं होतं आणि तिच्याबरोबर घरही वाळत चाललं होतं. बाबुलालला दुसरी कसली भीती नव्हती. ही अशीच भिंतीकडे तोंड करून एक दिवस निघून जाईल, एवढीच होती.

त्यात तसबिरीचं झालं. रोज तिची काच पुसणारी, मागची भिंत झाडणारी बाईच आजारी, त्यामुळे त्या चारपाच महिन्यांत तिकडे कोणी पाहिलं नाही. एक दिवस बाबुलालनं ती खाली काढली, सवयीप्रमाणे उलटी केली, तर मागचा पुठ्ठा वाळवीनं साफ केलेला. काच काढली आणि कागदाचा भुगा त्याच्या पायावर पडला. देवीचा चेहरा गेला होता, पळी गेली होती, महादेवाचं पात्र तेवढं शिल्लक होतं, तेही रिकामं.

मैनाबाईनं खाटेवरून ते पाहिलं. "मी सोडलं, तं तिनं बी सोडलं," ती म्हणाली. त्या दिवशी तिनं चहासुद्धा घेतला नाही.

मोना रविवारी येई. बाप दिवसभर घरात बसून कुढतो हे तिला दिसत होतं. त्याच्या हाताला नाही तर निदान डोळ्याला काम हवं म्हणून तिनं लायब्ररीतून एक जाडजूड पुस्तक आणलं. युरोपात पाचशे वर्षांपूर्वी तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेली देवाधर्माची चित्रं होती त्यात. बाबुलालनं पहिलं चित्र पाहिलं आणि लगेच पान उलटून मागे काय आहे ते पाहिलं. मागे काहीच नव्हतं, तेव्हा नाइलाजानं तो पुढून पाहू लागला.

आणि मग पाहतच राहिला. आई होती, मांडीवर बाळ होतं. रंग म्हणून नाही, नुसत्या काळ्या रेघा, पण आईचा गाल मऊ दिसत होता आणि पदराची घडी जड. त्यानं नावं घालायच्या कामाची भिंगाची काच आणली. काचेखाली गाल नाहीसा झाला आणि रेघा उरल्या, कुठे दाट, कुठे विरळ, एक रेघ तर सुरू होताना केसाएवढी आणि मध्ये सुतळीएवढी. काच बाजूला केली की गाल परत हजर. त्यानं हे इतक्या वेळा केलं की मोनाला हसू आलं.

"हे कोरलं कायनं?"

"पोलादी सळई असते बाबा, तिरपी धार लावलेली. मुठीत बसते. ती ढकलत न्यायची, आणि रेघ वळवायची असेल तर हात नाही, खालचा पत्रा फिरवायचा. मग रेघांत शाई भरायची, वरची पुसून टाकायची, ओला कागद ठेवायचा, और फिर दो रोलर के बीच से..."

"थांब थांब. रोलर?"

"हो, दोन रोलर. मधून पत्रा आणि कागद दाबून निघतो."

"मंग ही रोलिंग मिलच झाली ना वो!" बाबुलाल खुर्चीवरून उठलाच. इतक्या दूरच्या, इतक्या जुन्या माणसांमध्ये आपल्या शॉपमधलं कोणी भेटेल असं त्याला वाटलं नव्हतं. मोनानं सांगितलं की मोठमोठी चित्रं एखाद्याच देवळात असायची, तिथवर जाणं सगळ्यांना कुठलं परवडायला. पण एकदा तांब्यावर कोरलं की तेच चित्र शेकडो कागदांवर निघे आणि न्हाव्याच्या, चांभाराच्या घरी भिंतीला डकवलं जाई. बाबुलालला एकदम मैनाबाईची तसबीर आठवली. तीही काशीहून की कुठून छापून आलेलीच होती. देवी ही अशी हिंडते तर, असं त्याला वाटलं.

पुढचा आठवडा पुस्तक त्याच्या मांडीवरून हललं नाही. दूध उतू गेलं, भात लागला. पुढच्या रविवारी मोना दारात चप्पल काढते न काढते तोच त्यानं विचारलं, "हा लेकरू डाव्या हातानं आशीर्वाद कावून देऊन राहिला?"

मोनानं पाहिलं. खरंच, बाळाचा डावा हात वर होता. तिनं पुढचं पान काढून मूळ रंगीत चित्राचा फोटो दाखवला. तिथं हात उजवा होता. कोरणाऱ्यानं समोरचं चित्र जसं दिसलं तसंच तांब्यावर उतरवलं होतं, आणि छापल्यावर सगळं फिरलं. काही कारागीर काळजीनं उलटं कोरत, पुष्कळजण तसदी घेत नसत. कोणी त्या छापावरून पुन्हा नक्कल करी, मग हात परत उजवा होई.

बाबुलालला हसू आवरेना. मग त्याला रागच आला. "एवढा हात, एवढी नजर, आन् उलटं कोराचं समजलं नाई? आमच्या शॉपमंदी असता तं फोरमननं घरी धाडला असता त्याले."

तेवढ्यात खाटेवरून आवाज आला. कितीतरी दिवसांनी मैनाबाईनं आपणहून काही विचारलं होतं.

"मंग लोकाईनं ठेवला का तो घरात? डाव्या हाताचा?"

"ठेवला ना आई," मोना म्हणाली. "पूजा केली, नवस बोलले. कोणी परत नेऊन दिल्याचं तर पुस्तकात लिहिलेलं नाही."

 मैनाबाईनं पुन्हा भिंतीकडे तोंड केलं.

बाबुलालच्या डोक्यात मात्र किडा शिरला. तांब्याला वाळवी लागत नाही. मोनाच्या फोनमध्ये दिवाळीचा फोटो होता, त्यात मागे भिंतीवर तसबीर स्पष्ट आलेली. तो पॉवर हाऊसच्या बाजारात जाऊन फोटो मोठा छापून आला, भांड्यांच्या दुकानातून तांब्याचा जाड पत्रा आणला, जुन्या कानशीला तिरपी धार लावली आणि ओसरीत ठाण मांडलं. देवीला पुन्हा भिंतीवर बसवायचं, मग ही उठेल, असा त्याचा हिशेब होता.

काम वाटलं तितकं सोपं नव्हतं. जन्मभर त्यानं अक्षरं कोरली, आणि अक्षराला गाल नसतो. सरावाच्या पत्र्यावर त्याची पहिली अन्नपूर्णा मिशा नसलेल्या फोरमनसारखी दिसली. दुसरी रडकी झाली. मग तो पुस्तकातल्या त्या आईपाशी परत गेला, भिंग लावून तिच्या गालावरच्या रेघा कुठून कुठे जातात ते बोटानं हवेत गिरवू लागला. छन्नी ठोकायची नाही, ढकलायची. हात फिरवायचा नाही, पत्रा फिरवायचा. वाळूची पुरचुंडी करून पत्र्याखाली ठेवली तसा पत्रा फिरू लागला. त्या दिवसांत तो इतका खुशीत होता की आपण हे कशासाठी करतोय हे दुपारपर्यंत विसरलेलाच असे. नलू भाजी द्यायला आली तर म्हणाली, "काका, तुमाले पुन्हा नोकरी लागली का जी?"

खऱ्या पत्र्यावर घेताना मात्र त्यानं सगळी अक्कल पणाला लावली. त्या परदेशी कारागिराची चूक आपल्या हातून व्हायची नाही, हे तो स्वतःला दहादा बजावत होता. त्यानं फोटोवर बटर पेपर ठेवून चित्र उतरवलं, पेपर पालथा घातला, आणि उलटं चित्र तांब्यावर घेतलं. मग मान खाली घालून, एकेक रेघ ढकलत, अगदी बिनचूक कोरलं. चिंचेनं घासलं. तांबं नव्या नाण्यासारखं उजळलं आणि देवीचा चेहरा, खरं सांगायचं तर, मूळ तसबिरीपेक्षा गोड आला होता.

एका गुरुवारी त्यानं मैनाबाईला खाटेवर नीट बसवलं, पुढे पाट मांडला आणि पाटावर पत्रा टेकून ठेवला. ती बराच वेळ पाहत राहिली. तिच्या ओठाचा चांगला कोपरा हलला.

"तोंड साधलं जी," ती म्हणाली. मग थोडी पुढे वाकली. "पन ही वाढून कोन्या हातानं राहिली?"

"उजव्या. आनखी कोन्या?" बाबुलाल म्हणाला, आणि मग त्यानं पाहिलं.

त्याला समजायला वेळ लागला, कारण त्याच्या डोळ्याला ते सरळच दिसत होतं. त्यानं स्वतःचा उजवा हात वर केला आणि देवीच्या हाताशी ताडून पाहिला. पळी डाव्या हातात होती. उलटं कोरायचं ते छापायचं असलं तर. इथे कुठे छापायचं होतं? हा पत्राच भिंतीवर लागायचा होता. त्या कारागिराची चूक टाळायला म्हणून त्यानं एवढी काळजी घेतली, आणि त्या काळजीनंच घात केला. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, तसं झालं. चूक कुठे झाली, तर नेमकी तिथे, जिथे या बाईचा जीव अडकला होता. तिला वाटेल नवऱ्यानं टोमणा मारला. त्यानं कानाची पाळी चोळली.

"मी मोडून टाकतो हे. सरळ करतो दुसरी. आठ दिसात करतो," तो म्हणाला आणि पत्र्याला हात घातला.

मैनाबाईनं काठी सोडली आणि डावा हात पत्र्यावर ठेवला. "देव का मोडत असतेत? राहू द्या तशीच."

"पन मैना, ते डाव्या..."

"मले दिसून राहिलं. राहू द्या म्हनलं ना."

त्यानं जुन्या खिळ्याला पत्रा लावला खरा, पण मन खात राहिलं. दुसऱ्या दिवशी तो नवा पत्रा घेऊन ओसरीत बसला, बटर पेपर या वेळी सरळ ठेवला, चारदा तपासला.  मधून मधून तो उठून पाही, तर मैनाबाईचं तोंड आता भिंतीकडे नसून उघड्या दारातून दिसणाऱ्या त्या तांब्याच्या पत्र्याकडे असे. एकदा तिनं आतूनच विचारलं, "त्या तिकडच्या लोकाईच्या घरी जेवन तं होत असन ना जी? त्या लेकराच्या फोटोपुढं?"

"होत असन. न जेवता कोन राहते?"

 बाबुलालनं पुन्हा सळई हातात घेतली, पण रेघ काही सरळ जाईना.

रविवारी मोना आली. तिनं भात टाकला, वरणाला फोडणी दिली, पातोडीची भाजी केली, ताटं मांडली. वाढायला ती वाकली तेव्हा मागून काठीचा आवाज आला. मैनाबाई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. कितीतरी महिन्यांनी ती तो उंबरा ओलांडत होती.

"सरक," ती म्हणाली.

मोना सरकून ताटावर बसली. मैनाबाईपुढे अडचण अशी होती की धड हात एकच. त्यात काठी धरली तर पळी धरता येत नव्हती आणि पळी धरली तर उभं राहता येत नव्हतं. तिनं भिंतीला पाठ टेकली, काठी सोडून दिली आणि हळूहळू घसरत खाली पातेल्यापाशी बसली. काठी खडखडत चुलीपर्यंत गेली. बाबुलाल उठायला लागला तशी तिनं त्याला डोळ्यांनीच दाबलं, मुलीच्या सासरी वटारले होते त्याच डोळ्यांनी.

तिनं डाव्या हातानं पळी उचलली. आधी तांब्याच्या पत्र्यावरच्या देवीकडे पाहिलं आणि तिच्या नैवेद्याचा भात वाटीत घातला. अर्धा बाहेर पडला. मग बाबुलालच्या ताटात मूद घालायला गेली. ती मूद नव्हतीच, ढिगारा झाला. वरण भातावर पडायचं ते ताटाच्या काठावरून त्याच्या पायजम्यावर आलं, चांगलं गरम होतं, पण तो हलला नाही.

मग तिनं मोनाची वाटी वरणानं भरली, पळी ठेवली आणि वाटी तिच्यापुढे धरली.  मोनाचा डावा हात नेहमीसारखा मांडीखाली होता. तिनं घाईनं उजवा पुढे केला.

"नाई," मैनाबाई म्हणाली. "तुहा हात काढ. त्याच हातानं घे." मग वाटी तशीच धरून म्हणाली, "लई मारलं ना वो मी तुले याच्यापायी?"

 मोनानं मांडीखालचा हात काढला आणि वाटी घेतली. दोघींचे डावे हात त्या वाटीवर थोडा वेळ तसेच राहिले, आणि वरण दोघींच्या बोटांवरून फरशीवर टपकत होतं.

मैनाबाईनं स्वतःसाठी भात घेतला आणि त्याच हातानं घास करून तोंडात घातला. चमचा कोणी दिला नाही, तिनं मागितला नाही. सांडत, थांबत, ती जेवत राहिली.

बाबुलालनं ताट चाटूनपुसून स्वच्छ केलं. भूक केव्हाच भागली होती. एरवी त्यानं ते रिकामं ताट नक्की उलटून पाहिलं असतं. आज त्यानं ते दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरलं.

"आनखी वाढ," तो म्हणाला.